एकच गाणं, तीन गायिका: कव्हर व्हर्जन कशी ऐकायची

‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ बऱ्याच जणांना व्हिटनी ह्यूस्टनचंच वाटतं, पण ते मूळचं डॉली पार्टनचं आहे, कंट्री (अमेरिकन ग्रामीण वळणाचं) गाणं, १९७४ चं. व्हिटनीचं ते कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने पुन्हा गायलेलं. तर आधी मूळ ऐका. हेडफोन लावा आणि प्लीज शफल बंद करा.

डॉली अगदी साधं गाते, आणि तिसरं कडवं तर ती गातच नाही, बोलते. तिने हे कंट्री गायक पोर्टर वॅगनरचा टीव्ही शो सोडताना लिहिलं होतं, म्हणजे प्रियकराला नाही तर कामातल्या जोडीदाराला निरोप, हे माहीत असलं की ते बोलणं वेगळंच लागतं.

मग लिंडा रॉनस्टॅटचं १९७५ चं, कंट्री रॉककडे झुकणारं, हे एकदा ऐकलं तरी पुरे.

आता व्हिटनी, १९९२. सुरुवातीला वाद्यं नाहीतच, नुसता आवाज, तेव्हा ती श्वास कुठे घेते तिकडे लक्ष द्या. पुढे सॅक्सोफोन होतो, मग शेवटचं कडवं, त्यानंतर सगळं क्षणभर थांबतं, ड्रमचा एकच दणका आणि पट्टी चढते. ही जागा मागे घेऊन दोन-तीनदा ऐका आणि सोबत गुणगुणा, दणक्यानंतर तुमचा सूर खाली राहिला तर पट्टी बदलली म्हणजे काय ते आपोआप कळेल, थिअरी वाचायची गरज नाही.

शेवटी परत डॉलीचं लावा. मला अजूनही तेच जास्त लागतं, व्हिटनीचे फॅन्स चिडतील, चिडू दे.