१२० ची फिल्म ६२० च्या रिळावर कशी चढवावी

कोडॅकने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ६२० नावाची फिल्म काढली आणि १९९५ साली बंद केली. मधल्या काळात निघालेले कितीतरी कॅमेरे त्यामुळे आज शोकेसमध्ये बसून आहेत. १९४६ चा कोडॅक रिफ्लेक्स हा त्यातलाच. खरा ट्विन-लेन्स रिफ्लेक्स, म्हणजे वरच्या लेन्समधून बघायचं आणि खालच्या लेन्सने फोटो काढायचा असा दोन लेन्सचा कॅमेरा, ८० मिमीची एफ ३.५ लेन्स, आणि वरच्या-खालच्या दोन्ही लेन्सच्या कडांना दाते. एक फिरवली की दुसरी तिच्याबरोबर फिरते. असा कॅमेरा नुसता पुसून ठेवायचा नसतो, त्यात फिल्म भरायची असते. आणि ती भरता येते, कारण ६२० ची फिल्म म्हणजे १९०१ पासून चालत आलेली, आजही मिळणारी १२० चीच फिल्म. रुंदी तीच, फिल्मच्या मागे गुंडाळलेल्या कागदावरचे आकडेही तेच. फरक फक्त रिळाचा. ६२० च्या रिळाचा दांडा बारीक असतो, चकत्या जराशा लहान असतात आणि टोकांची भोकं छोटी असतात.

आधी एका सल्ल्याचा निकाल लावतो. ‘१२० च्या प्लॅस्टिक रिळाच्या चकत्या नेलकटरने कापा, पॉलिश पेपरने घासा, बसतं’ असं तुम्हाला हटकून कोणीतरी सांगेल. ऐकू नका. दांडा जाडच राहतो, भोक मोठं असल्यामुळे कॅमेऱ्यातल्या पिनेवर रीळ डुगडुगतं, आणि घासलेल्या प्लॅस्टिकचा चुरा फिल्मवर उभ्या रेघा मारतो. शिवाय गुंडाळून घेणाऱ्या बाजूला ६२० चं रीळ लागतंच. मग अर्धवट उपाय कशाला?

तुम्हाला ६२० ची दोन रिकामी रिळं हवीत, एक फिल्मसाठी आणि एक कॅमेऱ्यात गुंडाळून घ्यायला. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कॅमेरा बघाल तेव्हा आधी पाठ उघडा आणि आत रीळ आहे का ते बघा. भावाचं नंतर. रीळ पत्र्याचं असेल तर चकत्या वाकलेल्या किंवा गंजलेल्या नाहीत ना, हेही पाहून घ्या. याशिवाय १२० चं एक रिकामं रीळ आणि कागदी मास्किंग टेपचा चार सेंटिमीटरचा तुकडा. तो टेबलाच्या डाव्या कडेला आधीच चिकटवून ठेवा, अंधारात शोधत बसायला नको.

चेंजिंग बॅग, म्हणजे बाहेरून हात घालून आत अंधारात काम करायची काळी पिशवी, बऱ्याच जणांना सोयीची वाटते. जुलैत ती वापरू नका. पाच मिनिटांत हाताला घाम सुटतो, आतली हवा दमट होते आणि फिल्म बोटांना चिकटायला लागते. खिडकी नसलेली खोली, रात्रीची वेळ आणि दाराखालच्या फटीला टॉवेल, एवढं पुरतं.

पहिला फेरा सोपा आहे. पूर्ण अंधारात १२० चा रोल उलगडत रिकाम्या १२० च्या रिळावर गुंडाळून घ्या. दोन्ही रिळं एकाच दिशेला फिरली पाहिजेत, कॅमेऱ्यात फिरतात तशी, म्हणजे फिल्म कागदाच्या आतच राहते. कागद संपेपर्यंत घट्ट गुंडाळा.

आता दिवा लावा. हो, लावा. फोटो काढून झालेला रोल कॅमेऱ्यातून बाहेर येतो तसाच हा आहे, बाहेरून सगळा कागद. रोल मात्र अंगठ्याने दाबून धरा, सुटू देऊ नका. हात पुसा. कागदाच्या शेपटाचे दोन्ही कोपरे थोडे तिरके कापा, कारण ६२० च्या रिळाची खाच अरुंद असते. शेपूट खाचेत घालून दोन वेढे द्या आणि दिवा घालवा.

दुसऱ्या फेऱ्यात आधी फिल्मचं सुटं टोक येतं. कागदावरून बोट फिरवत राहा, जाडी बदलली की कळतं. ते टोक वळून आलेलं असतं. अंगठ्याने हलकेच दाबून दोन चकत्यांच्या बरोबर मध्ये आत जाऊ द्या. ओढायचं ते फक्त कागदाला, फिल्मला नाही.

सगळा घोळ होतो तो यापुढे, आणि इथे मी चार रोल वाया घालवलेत.

फिल्म कागदाला एकाच टोकाला चिकटपट्टीने जोडलेली असते. दुसऱ्या फेऱ्यात ते टोक अगदी शेवटी येतं. फिल्म आतून आणि कागद बाहेरून गुंडाळला जातो, त्यामुळे वेढ्यागणिक दोघांच्या लांबीत किंचित फरक पडत जातो. सुटं टोक तर आधीच वेढ्यांखाली दाबलं गेलेलं असतं. मग जास्तीची फिल्म जायची कुठे? ती चिकटपट्टीपाशी फुगून वर येते. अंधारात बोटाला तो फुगवटा स्पष्ट लागतो, पापडाला तळताना फोड येतो तसा.

पहिल्या वेळी मी तो अंगठ्याने चेपला आणि वरून कागद आवळला. कॅमेऱ्यात पहिल्याच फ्रेमला फिल्म पुढे सरकवायची गुंडी जड झाली, मी जोर लावला आणि कागद कडेने फाटला. जे चित्र हाती आलं त्यात ओसरीवर बसलेल्या आजीच्या गालावर चंद्रकोरीसारखा काळा डाग होता. फिल्म दुमडली की असा डाग पडतोच, तो कुठल्याही केमिकलने जात नाही. ती फ्रेम मला परत काढता आली नाही.

म्हणून फुगवटा लागला की थांबा. चिकटपट्टीचा कोपरा नखाने कागदावरून उचला आणि पट्टी फार सावकाश सोडवा. झटक्याने ओढली तर अंधारात तिच्या रेषेवर निळसर उजेड चमकतो, मी स्वतः पाहिलाय, आणि फिल्मला तोही उजेडच. पट्टी फिल्मलाच राहू द्या. आता फिल्म कागदावर सपाट पसरा, अर्धा वेढा पुढे घ्या, बोटाखाली कुठेही उंचवटा नाही याची खात्री करा आणि ती जिथे आपोआप येते तिथे पट्टी दाबा. जुन्या जागेपेक्षा तीन-चार मिलिमीटर पुढे आली तर काही बिघडत नाही. गोंद धरत नसेल तर टेबलाच्या कडेचा तुकडा लावा. फिल्मचं टोक कापून लांबी जुळवू नका, अंधारात कात्री कागदालाही लागते.

सराव उजेडात करा, पण मुदत संपलेल्या खऱ्या रोलवर. नुसत्या कागदावर केलेला सराव फुकट, कारण फुगवटा फिल्मशिवाय येतच नाही.

उरलेला कागद घट्ट गुंडाळा, रबर बँड लावा, झालं.

कॅमेऱ्यात भरताना पाठीच्या लाल खिडकीवर काळी टेप लावा आणि आकडा बघण्यापुरतीच उचला, तीही सावलीत. आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म लाल उजेडही टिपते. म्हणून उजेडाला कमी संवेदनशील असलेली आयएसओ १०० किंवा १२५ ची फिल्म ४०० पेक्षा बरी.

आणि रोल लॅबला द्याल तेव्हा त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘रीळ परत हवं’. तोंडीही सांगा. लॅबवाल्याच्या लेखी ते रिकामं रीळ म्हणजे कचरा. माझी दोन पत्र्याची रिळं अशीच गेली, आणि पुढचं मिळेपर्यंत कॅमेरा आठ महिने रिकामा होता.