मराठीचा हात धरून कन्नड: दुहेरी भाषांतराची रीत

जत तालुक्याच्या पूर्व भागात ज्यांची नोकरी आहे, सांगली-मिरजेच्या बाजारात अथणी-विजयपूरकडच्या माणसांशी ज्यांचा रोजचा व्यवहार आहे, त्यांना कन्नड शिकायचा जवळचा रस्ता मराठीतूनच जातो. ‘मला पाणी पाहिजे’ म्हणजे ‘ननगे नीरु बेकु’. शब्दाला शब्द बसतो आणि क्रमही तोच. ‘नको’ला ‘बेड’ असा एकच शब्द तयार आहे. ‘मला कन्नड येतं’ हे ‘ननगे कन्नड बरुत्तदे’, म्हणजे ‘मला’ची विभक्ती तीच आणि ‘येणे’ हे क्रियापदही तेच. इंग्रजीतून कन्नड शिकणाऱ्याला ही वाक्यं आधी समजून घ्यावी लागतात, आपल्याला ती आयती मिळतात. पण पुढे ही जवळीकच फसवते, म्हणून भाषांतर पद्धतशीर करायला हवं.

सुरुवात लिपीपासून. इथे सोयीसाठी कन्नड शब्द देवनागरीत दिले आहेत, पण तुमच्या वहीत तसं करू नका. कन्नडमध्ये एकार आणि ओकार ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. आपल्या नेहमीच्या देवनागरीत हा फरक दिसत नाही. ‘बेळे’मधला एकार ऱ्हस्व असेल तर अर्थ होतो पीक, दीर्घ असेल तर डाळ. ‘कोडु’ ऱ्हस्व असेल तर ‘दे’, दीर्घ असेल तर ‘शिंग’. देवनागरीत लिहून पाठ केलेला शब्द तोंडात चुकीचा बसतो आणि नंतर निघता निघत नाही. वर्णमालेचा क्रम मराठीसारखाच असल्यामुळे रोज अर्धा तास दिला तर तीन-चार आठवड्यांत अक्षरं ओळखीची होतात. मिरजेला येणाऱ्या कर्नाटकच्या एसटीच्या पाट्या वाचायचा सराव फुकट होतो: गावाचं नाव आधीच माहीत असतं, त्यामुळे अक्षर ताडून पाहता येतं.

मजकूर कुठून घ्यायचा? बालभारती कन्नड माध्यमाचीही पाठ्यपुस्तकं काढते. खालच्या इयत्तेचं परिसर अभ्यासाचं किंवा विज्ञानाचं पुस्तक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांचं घ्या. पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात. एकच धडा दोन भाषांत समोरासमोर मिळणं ही शिकणाऱ्यासाठी मोठी गोष्ट आहे. भाषाविषयाची पुस्तकं मात्र घेऊ नका, त्यांतले धडे प्रत्येक माध्यमात वेगळे असतात.

एका वेळी सहा ते आठ वाक्यं, त्याहून जास्त नाही. पहिल्या दिवशी कन्नड उतारा वहीत उतरवा, प्रत्येक ओळीखाली दोन ओळी मोकळ्या सोडा. पहिल्या मोकळ्या ओळीत शब्दाखाली शब्द लिहा, प्रत्ययासकट: ‘मनेयल्लि’खाली ‘घर-त’. दुसऱ्या ओळीत आपण खरोखर बोलतो तसं मराठी वाक्य लिहा. कोशात पाचापेक्षा जास्त शब्द बघावे लागले तर उतारा अवघड आहे, सोपा घ्या. दोन दिवस वहीला हात लावू नका. चौथ्या दिवशी कन्नड ओळी झाकून फक्त आपल्या मराठीवरून कन्नड पुन्हा लिहा आणि मूळ उताऱ्याशी ताडून पहा. दोन दिवसांचं अंतर महत्त्वाचं आहे. त्याच दिवशी उलटं भाषांतर केलं तर ते पाठांतर होतं, आणि आठवड्याने केलं तर शब्दच आठवत नाहीत, मग रचनेची परीक्षाच होत नाही. ही रीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये रॉजर ॲस्कम यांनी लॅटिन शिकवण्यासाठी ती मांडली, त्यांचं पुस्तक १५७० मध्ये छापलं गेलं.

चुका लाल पेनाने नुसत्या खोडू नका. समासात ‘श’ (शब्द), ‘प्र’ (प्रत्यय) किंवा ‘र’ (रचना) असं लिहा आणि महिन्याने मोजा. ‘श’ आपोआप कमी होतात. ‘र’ मात्र रेंगाळतात, आणि त्या कुठून येतात ते पाहण्यासारखं आहे.

हे वाक्य घ्या: ‘काल जो व्यापारी आला होता, त्याने हळद घेतली.’ थेट कन्नड करायला गेलात तर तीन ठिकाणी अडखळाल. कन्नड बोलणारा इथे ‘जो-तो’ची जोडी वापरत नाही, तो सरळ ‘काल आलेला व्यापारी’ म्हणतो. भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागत नाही. आणि क्रियापद हळदीकडे नाही, व्यापाऱ्याकडे बघतं. म्हणून मध्ये एक पायरी घाला, मराठी वाक्य मोडून कन्नडच्या वळणावर आणा: ‘काल आलेला व्यापारी हळद घेतला.’ मराठीत हे चूक आहे, पण आता कन्नड सरळ उतरतं: ‘निन्ने बंद व्यापारि अरिशिन तेगेदुकोंडनु.’ कर्ती बाई असती तर शेवटी ‘तेगेदुकोंडळु’, आदराने बोलायचं तर ‘तेगेदुकोंडरु’. ‘बंद’ मात्र बदलत नाही. आलेला, आलेली, आलेल्या या सगळ्यांना तो एकच. कन्नड मातृभाषा असलेल्या माणसाच्या मराठीत ‘मी काम केलो’ असं ऐकू येतं, ते याच कारणाने. त्याला हसू नका. तुमच्या कन्नडमध्ये तीच चूक उलट बाजूने होत असते.

अशीच आणखी एक तोडमोड ‘की’ची. ‘तो म्हणाला की तो उद्या येणार आहे’ हे वाक्य आधी ‘मी उद्या येतो म्हणून सांगितलं’ असं करून घ्या. मग ‘नाळे बरुत्तेने अंत हेळिदनु’ सहज येतं. ‘म्हणून’च्या जागी ‘अंत’.

नकारात मात्र आपल्या भागातली बोली प्रमाण मराठीपेक्षा जास्त उपयोगी पडते. कन्नडमध्ये ‘नाही’ दोन आहेत. ‘घरात कोणी नाही’ इथे ‘इल्ल’: ‘मनेयल्लि यारू इल्ल’. ‘हे माझं नव्हं’ इथे ‘अल्ल’: ‘इदु नन्नदल्ल’. प्रमाण मराठीत लिहिणारे दोन्हीकडे ‘नाही’ लिहितात आणि मग गोंधळतात. भाषांतराआधी वाक्य घरच्या बोलीत म्हणून बघा. जिथे ‘नव्हं’ निघेल तिथे बहुतेक वेळा ‘अल्ल’.

लिंगाचं काम सोपं आहे: निर्जीव वस्तू आणि जनावरं सगळी नपुंसक. बस आली, घोडा आला, दोन्हीला ‘बंतु’. उलट दिशेला जपायचं ते ‘नावु’ला. आम्ही की आपण, हे कन्नड सांगत नाही, संदर्भावरून ठरवावं लागतं.

सारखे दिसणारे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे लिहा. ‘हत्ति’ म्हणजे कापूस, हत्तीला ‘आने’.

मोबाइलवरचं यंत्रभाषांतर शेवटी वापरा, आधी नाही. आधी वापरलं की चुका यंत्र करतं आणि तुमच्या हातून काहीच होत नाही. शिवाय तू-तुम्हीचा फरक त्यात पुष्कळदा हरवतो. बाजारात वयस्क माणसाला ‘नीनु’ म्हटलं तर व्यवहार तिथेच बिघडतो, ‘नीवु’च म्हणा.

आठवड्यातून एकदा कन्नड बोलणाऱ्याला वही दाखवा. ‘बरोबर आहे का?’ असं विचारलं तर भिडेखातर ‘हो’ मिळतं. ‘अण्णा, तुम्ही हे कसं म्हणाल?’ असं विचारा आणि ते म्हणतील ते जसंच्या तसं लिहून घ्या. पाठ्यपुस्तकातलं ‘इदे’ इकडे ‘ऐति’ होतं, ‘बन्नि’चं ‘बर्री’ होतं. त्यामुळे वहीत लेखी आणि बोली असे दोन रकाने हवेत. लिहिताना डावा रकाना वापरा, दुकानात उजवा. उजव्या रकान्यातली वाक्यं भाषांतर न करता, अख्खीच्या अख्खी तोंडपाठ करा. समोरचा माणूस उभा असताना मराठी वाक्य मोडून जोडायला वेळ मिळत नाही.