झिंक वरून, गंज खालून

डेंटिंग-पेंटिंगमध्ये नव्याने आलेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, गंजावर सगळ्यात भारी प्रायमर कुठला?" प्रायमर म्हणजे रंगाखाली बसणारा पहिला थर. मीही हेच विचारत फिरायचो. शेवटी उत्तर माझं मीच काढलं आणि त्याची फीसुद्धा मीच भरली. ग्राइंडर कसा धरायचा, गन किती लांबून चालवायची हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

माझ्या एकट्याच्या जबाबदारीवरचं पहिलं काम म्हणजे मामांची पिकअप. मिरकरवाडा बंदरात मासळी भरायची आणि आंबा घाट चढून कोल्हापूरला उतरवायची, हा तिचा रोजचा धंदा. क्रेटमधला बर्फ वितळतो आणि ते खारट पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठिबकत राहतं. वर समुद्राची हवा आहेच. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंज हा मुळात विजेचाच खेळ. म्हणून रत्नागिरीची गाडी सोलापूरच्या गाडीच्या कितीतरी आधी कुजते. हे मला तेव्हाही पाठ होतं. नुसतं पाठ होतं.

चासीवर जुन्या रेड ऑक्साइडचा, म्हणजे साध्या तांबड्या प्रायमरचा, थर होता. बराचसा घट्ट, मधेमधे खपल्या. तारेच्या ब्रशने खपल्या पाडल्या, थिनरने पुसून घेतलं आणि वरून झिंक रिच, म्हणजे जस्ताची पूड भरलेल्या, प्रायमरचे दोन कोट मारले. डबा महागातला, माझ्या खिशातून आणलेला. त्यावर काळा इनॅमल. गाडी अशी दिसत होती की मामांनी बंदरावर चार जणांना वाकून चासी बघायला लावली.

आठ महिन्यांनी, पावसाळा सरल्यावर, गाडी जॅकवर घेतली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी रंग फुगलेला. स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं, तर अंड्याच्या कवचासारखा तुकडा सुटून तळहातावर पडला. तो मी अजून ठेवलाय. वरून काळा, त्याखाली करडा, मग तांबडा आणि पाठीला चिकटलेली तपकिरी पूड. करडा थर जसाच्या तसा होता. जस्ताला काहीच झालं नव्हतं, आणि खरं दुखणं तेच होतं. मामा एवढंच म्हणाले, "डबा चांगला होता रे तुझा. चासी माझी होती."

आता हे नीट समजून घ्या, कंटाळा आला तरी. जस्त लोखंडाला नुसतं झाकत नाही, त्याच्याऐवजी स्वतः झिजतं. दोन धातू एकमेकांना टेकलेले असले आणि एकाच पाण्यात भिजले, की जस्त आधी कुजतं आणि लोखंड वाचतं. पण टेकलेले असले तरच! म्हणून या प्रायमरमध्ये जस्ताची पूड इतकी ठासून भरतात. चांगल्या मालात सुकलेल्या थराच्या वजनात 80 टक्क्यांच्या आसपास जस्तच असतं. कण कणाला चिकटला पाहिजे आणि सगळ्यात खालचा कण उघड्या लोखंडाला. मी मधे काय ठेवलं होतं? रेड ऑक्साइड. म्हणजे वायरीवरचं प्लास्टिक न सोलता टेस्टर लावला आणि दिवा का लागत नाही म्हणून डोकं खाजवत बसलो. गंजाचा थर मधे राहिला तरी तेच, लांबी (पुट्टी) राहिली तरी तेच. जस्त वर शाबूत, खाली लोखंडाची माती.

एवढ्यावर भागलं नाही. झिंकवर मी थेट साधा इनॅमल मारला होता, तीही चूकच. इनॅमल तेलापासून बनतो. ओलावा मिळाला की जस्ताच्या संगतीने त्या तेलाचा साबण होतो आणि रंग पापुद्र्याने सुटतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर इनॅमल टिकत नाही तो यामुळेच. माझ्या बाबतीत ही दुसरी चूक उघडी पडायच्या आत पहिलीनेच काम उरकलं.

म्हणून स्पष्ट सांगतो, सँडब्लास्टिंग (वाळूचा मारा) करून पांढरा पत्रा उघडा पाडायची सोय नसेल, तर झिंक रिचचा डबा घेऊ नका. दुकानदार देईल, कारण त्याला विकायचाय. चासी उतरवून ब्लास्टिंगला पाठवणार असाल तर जरूर घ्या, त्यासारखं दुसरं काही नाही. पण ब्लास्ट केलेला पत्रा त्याच दिवशी रंगला पाहिजे. आमच्याकडे जुलैत तो चहा पिऊन येईपर्यंत पिवळा पडतो.

मग ब्रशने घासलेल्या चासीवर काय मारायचं? मी आता एपॉक्सी मॅस्टिक वापरतो. हाताने घासलेल्या, थोडा घट्ट गंज राहिलेल्या लोखंडासाठीच तो बनवलेला असतो. जाड बसतो आणि पाणी आत येऊ देत नाही. घासून चकचकीत झालेल्या पत्र्यावर झिंक फॉस्फेटवाला एपॉक्सी प्रायमर. नावात झिंक आहे म्हणून फसू नका, हा वेगळा प्राणी. यात जस्ताची पूड नसते, क्षार असतो, आणि त्याला वरच्या वायरीच्या अटी लागू नाहीत. एपॉक्सी उन्हात खडूसारखा भुरभुरतो, त्यामुळे जिथे ऊन लागतं तिथे वर पीयू (पॉलियुरेथेन रंग) हवाच.

रेड ऑक्साइडला मी शिव्या देतोय असं वाटेल, तसं नाही. त्याचा तांबडा रंग म्हणजे लोहाचं ऑक्साइडच, गंजाचा भाऊबंद. तो गंज मारत नाही, नुसता झाकतो. जुने मिस्त्री "तांबडा प्रायमर गंज खातो" म्हणतात ते शेंदराच्या प्रायमरबद्दल. त्यात शिसं असायचं, ते खरोखर गंज धरून ठेवायचं आणि माणसालाही धरायचं. रंग सारखा, म्हणून गुण चिकटला. दोन वर्षांत विकायच्या ट्रॉलीला रेड ऑक्साइड मारा, बिनधास्त. मात्र जुन्या रेड ऑक्साइडवर एपॉक्सी मारायच्या आधी फडकं एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाच्या) थिनरमध्ये भिजवून मिनिटभर दाबून धरा. फडक्याला रंग आला किंवा थर सुरकुतला तर तो काढा, नाहीतर एपॉक्सीचा थिनर सगळं उचलून देईल. उलट गाडीचा मूळ थर घट्ट असेल तर हौसेने तो घासून काढू नका. अख्खी बॉडी हौदात बुडवून विजेने बसवलेला आणि भट्टीत भाजलेला साधारण 20 मायक्रॉनचा तो थर तुम्हा-आम्हाला शेडमध्ये जन्मात जमायचा नाही.

गंज काळा करणारं कन्व्हर्टर हल्ली व्हिडिओंमध्ये फार चालतं. हिरडा आणि लोखंड मिळून पूर्वी शाई करायचे ना, त्यातलीच ही रसायनविद्या, टॅनिनची. पातळ गंजावर ठीक. खपलीवर मारलं तर वरची साल काळी होते आणि आत गंज मजेत. जळकं ऑइल तर नकोच. रबरी बुश फुगतात आणि पुढे त्यावर कुठलाच रंग धरत नाही.

सगळ्यात स्वस्त गोष्ट मात्र कोणी करत नाही, ती म्हणजे गोडं पाणी. घासायच्या आधी प्रेशरने धुवा, घासल्यावर परत धुवा, मग हवा मारून कोरडं करा. गंजाच्या खड्ड्यात मीठ राहिलं तर ते रंगातूनसुद्धा पाणी ओढून घेतं आणि फुगे येतात, मग वर एपॉक्सी असो की सोनं. आणि लोखंड गारठलेलं असेल तर थांबा. पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतला ओलावा दव होऊन बसतो त्यापेक्षा, किमान 3 अंश गरम हवा, हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत. म्हणजे कोकणात पावसाळ्यात बऱ्याच दिवशी काम होणार नाही. गिऱ्हाईक ओरडेल. ओरडू दे.

उस्तादांबद्दल एक बोलतो, राग येऊ नये. माझे उस्ताद हार्डनर, म्हणजे एपॉक्सी घट्ट करणारा दुसरा भाग, नेहमी पाठमोरे होऊन मिसळायचे. प्रमाण विचारलं की "नजरेत बसायला लागतं." मीही कितीतरी दिवस अंदाजपंचे दाहोदरसे मिसळत राहिलो, आणि एपॉक्सी कधी चिकट राहायचा, कधी तडकायचा. प्रमाण डब्यावर छापलेलं असतं. खुणांचा मग घ्या आणि वाचून ओता. उस्तादांचा हात मात्र बघत राहा, तो डब्यावर छापत नाहीत.

पीयूच्या हार्डनरबद्दल चेष्टा नाही. त्यात आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की थेंबभर वाफही सोसत नाही. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे काहीच न बांधणं. बाहेरून हवा पुरवणारा मास्क परवडत नसेल तर पीयू फवारायचं काम घेऊ नका, दुसऱ्याला द्या. यात कमीपणा नाही, मीही दोन वर्षं देत होतो.

घाबरू नका, हे सगळं हातात बसतं. पहिलं काम फुकट गेलं म्हणून कोणी धंदा सोडत नाही. मी मामांची चासी परत फुकटात केली, खांदे पंधरा दिवस भरून आले होते. घासली, धुतली, मॅस्टिकचे दोन कोट, वर काळा पीयू. हौद्याची पाणी निघायची भोकं आधीच्या माणसाने अंडरकोटिंगने बुजवली होती, ती सळईने मोकळी केली.

परवा फाळक्याच्या बिजागरीपाशी एक तांबडा ठिपका दिसला. चार आण्याएवढा घासला, धुतला, ब्रशनेच मॅस्टिक लावून रात्रभर ठेवला. सकाळी गाडी बांगडा भरून गेली.