उजनीचा फुगवटा मोजताना : उपग्रह प्रतिमेपासून नकाशापर्यंत

भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातील ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोजले जाते. म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी उणे ३० टक्के’ अशी बातमी येते, तेव्हा धरण रिकामे झालेले नसते, तर उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागलेला असतो. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि काठावरच्या गाळपेर जमिनी दिसू लागतात. हा आक्रसणारा फुगवटा, म्हणजे धरणामागे पसरलेले पाणी, घरच्या संगणकावर, एक पैसाही खर्च न करता मोजता येतो, आणि उपग्रह प्रतिमांच्या बहुतेक मूलभूत संकल्पना या एका कामात हाताखालून जातात.

सर्वांत आधी एक समजूत बदलावी लागते. उपग्रह प्रतिमा छायाचित्रासारखी दिसत असली तरी ती मोजमापांची जाळी असते. जमिनीचे समान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातून किती प्रकाश परावर्तित झाला, त्याचा आकडा तिच्यात नोंदलेला असतो. या चौकोनाला पिक्सेल म्हणतात. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा सर्वांत बारीक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. आपला गुंठा १०१ चौरस मीटरांहून किंचित मोठा असल्यामुळे एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक गुंठा, असा सोपा हिशेब मनात ठेवता येतो. चाळीस पिक्सेलांचा साधारण एक एकर होतो आणि शंभरांचा नेमका एक हेक्टर. अर्थात एका गुंठ्यात अर्धे पाणी आणि अर्धा चिखल असला, तर उपग्रहाला दोहोंची सरासरीच दिसते.

दुसरी संकल्पना बँडची. सेंटिनेल-२ एकाच जागेची नोंद १३ वेगवेगळ्या तरंगलांबीच्या पट्ट्यांत करतो. त्यांपैकी निळा, हिरवा, लाल आणि निकट अवरक्त हे चार बँड १० मीटरचे असून बाकीचे २० किंवा ६० मीटरचे आहेत. निकट अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु आपल्या कामाचा सगळा भार त्यांच्यावरच आहे, कारण स्वच्छ पाणी ते जवळजवळ पूर्णपणे शोषून घेते, तर हिरवे पान ते जोराने परत फेकते. त्यामुळे या बँडमध्ये जलाशय काळा आणि शेजारचा ऊस लख्ख पांढरा दिसतो.

प्रतिमा निवडताना तारखेकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. सेंटिनेल-२ मालिकेतले दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात, मात्र जून ते सप्टेंबर या काळात ढगांमुळे त्यांचा फारसा उपयोग होत नाही. पावसाळ्यात ढगांतून आरपार पाहणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडार प्रतिमांकडे वळावे लागते. आपण एक प्रतिमा ऑक्टोबर-नोव्हेंबरातली, धरण भरलेले असतानाची, आणि एक मे महिन्यातली घ्यावी. जुन्या दशकांशी तुलना करायची असेल तर १९७२ पासून चालत आलेली लँडसॅट मालिका आहे, परंतु तिचा आजचा ३० मीटरचा पिक्सेल जवळपास नऊ गुंठ्यांचा असतो, हे विसरू नये.

कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडून नकाशावर भिगवण ते टेंभुर्णी हा भाग गाठावा, ढगांचे प्रमाण कमीत कमी ठेवून शोध घ्यावा आणि ‘एल-२ए’ पातळीची प्रतिमा उतरवावी. या पातळीवर वातावरणाचा परिणाम काढून टाकलेला असतो. प्रतिमा सुमारे ११० किलोमीटरच्या चौकटींत मिळतात. ७५ अंश पूर्व रेखांश या जलाशयातूनच जातो आणि चौकटींची कडही त्याच्या आसपास येते, त्यामुळे धरणाची भिंत एका चौकटीत बसली नाही, तर त्याच दिवसाची शेजारची चौकटही घेऊन दोन्ही जोडाव्यात.

पुढचे काम क्यूजीआयएस या नकाशे हाताळण्याच्या मुक्त संगणकप्रणालीत होते. दहा मीटरच्या फोल्डरमधील हिरव्या बँडची (बी०३) आणि निकट अवरक्त बँडची (बी०८) फाइल थर म्हणून उघडावी. मग ‘रास्टर कॅल्क्युलेटर’मध्ये हिरव्यातून अवरक्त वजा करून त्या वजाबाकीला दोहोंच्या बेरजेने भागावे. यालाच जलनिर्देशांक म्हणतात. तो उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान येतो आणि शून्याच्या वरचा पिक्सेल ढोबळमानाने पाण्याचा समजतात. येथे एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियापद्धतीत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात, ते आधी वजा करावे लागतात. वजाबाकीत ते आपोआप कटतात, त्यामुळे शून्य हीच सीमा धरली तर पाण्याची कड सहसा हलत नाही. परंतु सीमा ०.१ धरली किंवा जुन्या पद्धतीने तयार झालेल्या प्रतिमेशी तुलना केली, तर उत्तर चुकते. म्हणून नव्या पद्धतीच्या प्रतिमांसाठी छेदातून २००० (दोन्ही बँडांचे हजार-हजार) वजा करण्याची सवय लावून घेणे उत्तम.

मिळालेल्या थरात पाण्याला १ आणि बाकीच्याला ० असे मूल्य द्यावे, ‘सीव्ह’ साधनाने सुटे पिक्सेल गाळावेत आणि ‘पॉलिगोनाइझ’ने रास्टरचे व्हेक्टरमध्ये रूपांतर करावे. रास्टर म्हणजे चौकोनांची जाळी आणि व्हेक्टर म्हणजे बिंदू, रेषा व बहुभुज. आपला फुगवटा आता एक बहुभुज झालेला असतो.

त्याचे क्षेत्रफळ काढण्यापूर्वी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत, तपासावे. यूटीएम या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंश रेखांशांचे विभाग पाडलेले असतात. उजनीसाठी त्यातला विभाग ४३ उत्तर, म्हणजे प्रक्षेपणांच्या यादीतला ईपीएसजी ३२६४३ हा क्रमांक, योग्य आहे. महाराष्ट्र मात्र दोन विभागांत मोडतो आणि ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेकडील वर्धा, नागपूर, चंद्रपूर हा भाग ४४ व्या विभागात जातो. वेबवरच्या नकाशांचे मर्केटर प्रक्षेपण तसेच ठेवून सपाट क्षेत्र मोजले, तर उजनीच्या अक्षांशावर ते अकरा टक्क्यांच्या आसपास फुगून येते, आणि नकाशा दिसायला निर्दोष असल्यामुळे ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता सूत्र फसते त्या जागा पाहाव्यात, कारण माझ्या मते खरे कौशल्य येथेच लागते. जलपर्णीने झाकलेले पाणी निकट अवरक्तात शेतासारखे चमकते, म्हणून सूत्र ते जमिनीत टाकते. उन्हाळ्यात शेवाळाने हिरवे झालेले पाणीही काही ठिकाणी असेच निसटते. उलट भिगवणकडच्या उथळ भागात ओला चिखल पाणी म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो. यासाठी बहुभुजावर आणि बाहेर मिळून पन्नासेक बिंदू यादृच्छिक पद्धतीने टाकावेत, त्याच दिवसाच्या नैसर्गिक रंगांच्या प्रतिमेत प्रत्येक बिंदू डोळ्यांनी पाहावा आणि किती चुकले ते लिहून ठेवावे. शक्य असेल तर काठावर प्रत्यक्ष जाऊन मोबाइलच्या जीपीएसने पाण्याच्या कडेचे चार-दोन बिंदू घ्यावेत. मात्र ते उपग्रहाच्या फेरीच्या दिवशीच घेतलेले बरे, कारण मे महिन्यात पाणी रोज मागे सरकत असते.

या सगळ्यातून मिळते ते क्षेत्रफळ, पाण्याचे घनमान नव्हे. हेक्टरांवरून टीएमसीकडे जायचे असेल, तर पाणीपातळी, क्षेत्र आणि साठा यांचा त्या धरणाचा अधिकृत तक्ता लागतो, आणि गाळ साचत गेल्यामुळे तो किती जुना आहे हेही पाहावे लागते. शेवटी बहुभुजाची फाइल जतन करताना तिच्या नावात प्रतिमेची तारीख घालावी आणि सोबत वापरलेले सूत्र, धरलेली सीमा, प्रक्षेपण व तपासणीत चुकलेल्या बिंदूंची संख्या नोंदवावी, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कोणी हेच काम हाती घेतले तरी दोन्ही वर्षांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील.