क्रॉसमॅचचं रक्त पाठवताना या चुका टाळा

किडनी बसवण्याआधी डोनरच्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्यात, ठेवून बघतात; हाच क्रॉसमॅच. त्या पेशींवरच्या एचएलए प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी आधीच तयार असतील, तर नवी किडनी काही तासांतही निकामी होऊ शकते. हे कळायला डोनरच्या पेशी जिवंत पोहोचायला हव्यात.

सगळ्यात जास्त नासाडी बर्फाने होते. मे महिन्यात अथणीत पारा 40 अंशांकडे जातो, म्हणून थर्मासात बर्फ, त्यात नळी, आणि बेळगावहून रात्रीची बेंगळुरूची बस. सकाळी फायकॉलवर, म्हणजे पेशी वेगळ्या करायच्या द्रवावर, थर नीट सुटत नाहीत; तपासणीला लागणाऱ्या लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी मिसळतात. वाटेत मेलेल्या पेशी अँटिबॉडीने मेल्यासारख्याच दिसतात. 80 टक्क्यांहून कमी पेशी जिवंत असतील, तर त्या निकालावर विसंबू नये. मग डोनर आईला पुन्हा सुई टोचायची, पुन्हा तोच प्रवास. 18 ते 25 अंश हवेत. थर्माकोलच्या डब्यात माठातल्या पाण्याच्या दोन बाटल्या कापडात गुंडाळून ठेवा, मधे नळी, सोबत थर्मामीटर. 24 तासांच्या आत पोहोचवा.

नळ्या: डोनरच्या पेशींसाठी हेपरिनची (रक्त गोठू न देणारं औषध), हिरव्या झाकणाची. डीएनए टायपिंगला ईडीटीएची जांभळी, कारण हेपरिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची क्रिया, अडवतं. पेशंटचं सीरम साध्या लाल नळीतूनच. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे कॉम्प्लिमेंट (अँटिबॉडी चिकटलेल्या पेशी मारणारी प्रथिनं) चालत नाही आणि अँटिबॉडी असूनही निकाल निगेटिव्ह येतो. ही चूक बर्फापेक्षा घातक.

आणखी एक मोठी चूक म्हणजे न विचारणं. डायलिसिसच्या पेशंटला हिमोग्लोबिन उतरलं म्हणून निपाणीत रक्ताची बाटली चढवली जाते आणि क्रॉसमॅचला महिन्यापूर्वीचं सीरम निघतं. रक्त चढवल्यावर साधारण दोन आठवडे थांबून नवं सीरम घ्या. पेशंट बाई असेल आणि डोनर नवरा, तर जास्तच जपा: मुलांच्या पेशींवरचं अर्धं एचएलए नवऱ्याकडचं, त्याविरुद्धच्या अँटिबॉडी बाळंतपणातच तयार झालेल्या असू शकतात. सासू-नवऱ्याला बाहेर बसवून विचारा, "अक्का, किती वेळा दिवस गेले होते? एखादं राहिलं नाही का?" फॉर्मवरच्या रकान्यात हे कधीच खरं उतरत नाही. घाईत असलेल्या नव्या मुलांनी ही पाच मिनिटं वाचवू नयेत.

रिटुक्सिमॅब (बी-सेल या लिंफोसाइटना चिकटणारं अँटिबॉडीचं औषध) दिलं असेल तर तारीख लिहा. त्याने बी-सेल क्रॉसमॅच खोटा पॉझिटिव्ह येतो.

फायकॉलवर रक्त फिरवताना सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवा, नाहीतर सुटलेले थर पुन्हा मिसळतात.

लेबल खाटेजवळच लावा. डोनर आणि पेशंट एकाच घरचे, आडनाव एक, बऱ्याचदा वडिलांचं नावही एक. जन्मतारीख, वेळ आणि 'डोनर' की 'पेशंट' हे प्रत्येक नळीवर हवं.