गोव्यात लॅपटॉपला मोबाईलचं नेट : या चुका टाळा

फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, म्हणजे लॅपटॉपवर मीटिंगही चालेल, हा हिशेब कळंगुट-बागा पट्ट्यात डिसेंबरच्या संध्याकाळी सहज चुकतो. दांड्यांवरून सिग्नल किती जोरात येतोय एवढंच कळतं. त्याच टॉवरवर त्या घडीला किती फोन लटकलेत, ते कळत नाही. सकाळी सातला सुसाट पळणारं नेट रात्री नऊला रांगतं. म्हणून चाचणी कामाच्या वेळीच घ्या आणि जिथे बसून काम करणार, त्याच खुर्चीतून घ्या.

दांड्यांपेक्षा आकडा पाहावा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलं की सिग्नल स्ट्रेंथ डीबीएम या एककात दिसते; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. फोर-जीवर उणे 85 च्या आसपास असेल तर छान. उणे 110 च्याही खाली घसरत असेल तर व्हिडिओ कॉलचा नाद सोडा.

<b>स्पीड टेस्टवर डेटा उडवणं.</b> वेगवान फाइव्ह-जीवर एकच टेस्ट काहीशे एमबी खाते. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर चार टेस्टमध्ये दिवस संपला! त्यापेक्षा विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, मग 8.8.8.8, मग हायफन टी असं इंग्रजीत (ping 8.8.8.8 -t) टाइप करून पाच मिनिटं चालू ठेवा; संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते यात दिसतं. आकडे शंभर मिलिसेकंदांच्या आत स्थिर असले तर कॉल नीट होतो. मध्येमध्ये ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल तर वेग कितीही दिसो, आवाज तुटणारच. थांबवायला कंट्रोल-सी.

<b>फोन लॅपटॉपशेजारीच ठेवणं.</b> जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती सिग्नल गिळतात. घर डोंगराच्या कुशीत किंवा कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, असेल तर विचारूच नका. फोन खिडकीत किंवा बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) ठेवा आणि हॉटस्पॉट 2.4 गिगाहर्ट्झवर घ्या. 5 गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण भिंतीपलीकडे दमतं. आयफोनमध्ये यासाठी ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ चालू करावं लागतं. लॅपटॉपच खिडकीशी नेता येत असेल तर यूएसबी टेदरिंग, म्हणजे केबलने फोनचं नेट लॅपटॉपला देणं, सर्वांत बरं. वायफायचा खोळंबा जातो, फोन चार्जही होत राहतो. मात्र केबल डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलवर टेदरिंगचा पर्याय उमटतच नाही. आणि फोन उन्हात ठेवू नका, तापला की तो स्वतःच वेग कमी करतो.

<b>विंडोजला मोकळं सोडणं.</b> लॅपटॉपला हे घरचं वायफायच वाटतं, म्हणून अपडेट आणि वनड्राइव्ह मागच्या दाराने डेटा ओढतात. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, म्हणजे विंडोज डेटा जपून वापरतं. इथे बरेच जण फसतात: यूएसबीने जोडलं की तेच नेट इथरनेट म्हणून दिसतं, तिथे मीटर्ड पुन्हा वेगळं चालू करावं लागतं. मॅकवर ‘लो डेटा मोड’.

<b>फाइव्ह-जीचा हट्ट.</b> सिग्नल कडेकडेचा असला की फोन फोर-जी आणि फाइव्ह-जीत उड्या मारतो, प्रत्येक उडीला कॉल अडखळतो. प्रिफर्ड नेटवर्क फोर-जीवर बांधून टाका. काणकोण, सांगे, सत्तरीच्या आतल्या गावांत तर हे आधी करून पाहा.

डोंगलवाल्यांसाठी, म्हणजे सिम घालून यूएसबीला लावायची नेटची काडी वापरणाऱ्यांसाठी, थोडक्यात. जिओचं जाळं फोर-जीपासूनच सुरू होतं, त्यामुळे जुन्या थ्री-जी डोंगलमध्ये ते सिम चालणार नाही. मध्येच तुटत असेल तर डोंगल यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, हबमधून अनेकदा पुरेसा करंट मिळत नाही. सिम ओळखलं पण नेट नाही, अशा वेळी एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटशी जोडणारं सेटिंग, तपासा.

एकाच कंपनीवर विसंबू नका. दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं आणि रिचार्ज केलेलं असू द्या.

आणि रेल्वेत मीटिंग ठेवू नका. पेडण्याचा बोगदा दीड किलोमीटरचा, काणकोणकडचा बार्सेचा तीन किलोमीटरहून लांब, आणि पेडण्याच्याही पुढे रत्नागिरीजवळचा करबुडे तर साडेसहा किलोमीटरचा. फायली मडगावला गाडीत चढण्याआधीच डाउनलोड करून घ्या.