ऑफिसातल्यांच्या भेटी वेबसाइटच्या आकड्यांतून कशा गाळायच्या

इंदुरात विजयनगरला ऑफिस, बारा माणसं, आणि प्रत्येकाच्या ब्राउझरचं होमपेज म्हणजे कंपनीचीच साइट. मग गूगल ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या साधनात, शहरांच्या यादीत इंदूर वर चढणारच. म्हणून अख्खं इंदूर गाळू नका, राजवाड्याजवळचं खरं गिऱ्हाईकही त्यात जाईल. गाळायचा तो ऑफिसचा आयपी, म्हणजे ऑफिसचा इंटरनेटवरचा पत्ता.

पहिली चूक इथेच होते. कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग चालवून १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता उचलतात. तो राउटरच्या आतला. बाहेर त्याला कोणी ओळखत नाही. ऑफिसच्या वायफायवरून 'व्हॉट इज माय आयपी' शोधा आणि जो येईल तो घ्या. बॅकअपची दुसरी लाइन असेल तर तिचाही. इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मागून घ्या, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलू शकतो आणि फिल्टर गुपचूप निकामी होतो. पत्त्यांचा गट मिळाला असेल तर तो तसाच भरा: २०३.०.११३.४८/२९ म्हणजे शेवटचा आकडा ४८ ते ५५, आठ पत्ते. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा लांब पत्ता, असेल तर मशीन शेवटचा अर्धा भाग बदलत राहते. पहिले चार गट ठेवून /६४ लावा.

आता ॲनालिटिक्सच्या ॲडमिनमध्ये या क्रमाने जा आणि हे पत्ते भरा: डेटा स्ट्रीम्स, तुमची वेब स्ट्रीम, कॉन्फिगर टॅग सेटिंग्ज, शो ऑल, डिफाइन इंटर्नल ट्रॅफिक, क्रिएट. ट्रॅफिक टाइप 'इंटर्नल' आधीच भरलेला असतो, त्याला हात लावू नका.

नियम केला म्हणजे झालं, असं नाही. ॲडमिनमधल्या डेटा फिल्टर्समध्ये फिल्टर 'टेस्टिंग'वर असतो, म्हणजे नुसती खूण करतो. लागू व्हायला २४ ते ३६ तास जातात. मग एक्सप्लोरेशनमध्ये, म्हणजे स्वतः बनवायच्या रिपोर्टमध्ये, 'टेस्ट डेटा फिल्टर नेम' हे डायमेन्शन (रकाना) लावून ऑफिसच्याच भेटी पकडल्या जातायत ना, ते बघा. खात्री झाल्यावरच 'ॲक्टिव्ह' करा. त्यानंतर गाळलेला डेटा परत मिळत नाही, आणि जुना कचरा मात्र आहे तिथेच राहतो.

घरून किंवा मोबाइल डेटावर काम करणाऱ्यांचा आयपी यादीत घालू नका. मोबाइल कंपनीचा एकच पत्ता कित्येक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. अशा सहकाऱ्यांसाठी साइटवर एक आडबाजूचं पान ठेवा, ते उघडलं की त्यांच्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे ओळखीची छोटी खूण, बसेल. कुकी दिसली की गूगल टॅग मॅनेजरमधून (साइटवरचे मोजणीचे कोड सांभाळणारं साधन) ट्रॅफिक टाइप म्हणून तोच 'इंटर्नल' शब्द पाठवा, स्पेलिंग फिल्टरमधल्यासारखंच. कुकी सर्व्हरवरून बसवा. जावास्क्रिप्टने बसवलेली सफारी सात दिवसांत पुसतो, आणि आठव्या दिवशी आयफोनवाले साहेब पुन्हा गिऱ्हाईक म्हणून मोजले जातात.